एकाच रेषेवरचा जिना: मेट्रिक एककांच्या रूपांतराची शालेय पद्धत, एक समीक्षा

१. समीक्षेचा विषय

इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गात मेट्रिक एककांचे रूपांतर शिकवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. फळ्यावर सात पायऱ्यांचा जिना काढायचा. त्यावर वरून खाली किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली अशी नावे लिहायची. खाली उतरताना दर पायरीला दहाने गुणायचे, वर चढताना दहाने भागायचे. काही दिवसांनी गुणाकार-भागाकारही मागे पडतो आणि ‘दशांश चिन्ह उजवीकडे सरकवा, डावीकडे सरकवा’ एवढेच उरते. मीटरच्या जागी ग्रॅम किंवा लिटर लिहिले की तोच जिना वजनाला आणि धारकतेलाही चालतो. मराठी, हिंदी, इंग्रजी कोणत्याही माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला विचारा, हा जिना त्याला आठवतो.

तुम्ही पदवीचे विद्यार्थी आहात, तुमच्यापैकी काहीजण शिकवण्या घेतात, काहीजण पुढे शिक्षक होतील. सातवीच्या धड्याची चर्चा तुमच्यासाठी करण्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे हा धडा पुढच्या मुलांना तुम्हीच शिकवणार आहात. दुसरे कारण असे की हा धडा अर्धा शिकल्याने होणारी चूक सातवीत संपत नाही. गाझियाबादमध्ये अभियांत्रिकीच्या वर्गाला शिकवताना पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत ती मला दरवर्षी दिसते. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, पण उत्तर हजार पटीने किंवा लाख पटीने चुकलेले.

या टिपणाचे म्हणणे थोडक्यात असे: जिना चुकीचा नाही, पण तो एकाच रेषेवर काढलेला आहे. मेट्रिक पद्धतीने आपल्याला दोन गोष्टी दिल्या. पहिली, दहाच्या पटीत वाढणारी एकके. दुसरी, लांबी, क्षेत्रफळ, घनफळ आणि वस्तुमान यांना एकमेकांशी जोडणारा धागा. शाळा पहिली गोष्ट घोटून घेते आणि दुसरी जवळजवळ सोडून देते.

२. जिना आला कुठून

आधी जिन्याची बाजू समजून घेऊ. आपल्याकडे १९५६ साली वजने व मापांच्या मानकांचा कायदा झाला, त्याआधी बाजारात ५ तोळ्यांचा छटाक, १६ छटाकांचा शेर आणि ४० शेरांचा मण असा हिशेब होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. अशा हिशेबात एका एककातून दुसऱ्यात जायचे तर दर टप्प्याला वेगळा गुणक लागे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बाजारातली वजनेही टप्प्याटप्प्याने बदलली. दर पायरीला वेगळा गुणक पाठ करण्याची गरज संपली. सगळीकडे दहा, शंभर, हजार.

दशांश चिन्ह सरकवणे ही युक्ती या सुधारणेचे सर्वांत ठळक फळ होते. ज्या पिढीने मण-शेर-छटाकाची गणिते केली होती, तिला हा जिना मोठीच सुटका वाटला असणार. आजच्या मुलाने मात्र तो त्रास पाहिलेला नाही. त्याला जिन्याचे महत्त्व कळत नाही, फक्त नियम कळतो, आणि कशासाठी आहे हे ठाऊक नसलेला नियम तो जिथे चालत नाही तिथेही लावला जातो.

३. जिना कुठे अडतो

सातवीतल्या मुलाला विचारा: १ चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटीमीटर? पुष्कळ मुले १०० म्हणतात. मीटरपासून सेंटीपर्यंत दोन पायऱ्या, म्हणून दोन शून्ये. खरे उत्तर १०,००० आहे, कारण १०० सेंटीमीटर लांब आणि १०० सेंटीमीटर रुंद अशा चौरसात १०० × १०० लहान चौरस बसतात.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. मूल ‘चौरस सेंटीमीटर’ हा शब्द वाचते तेव्हा त्याच्या मनात ‘सेंटी’ म्हणजे शंभरावा भाग, आणि ‘चौरस मीटर’ हे एकक, असे दोन तुकडे पडतात. चौरस मीटरचा शंभरावा भाग, असा तो अर्थ लावतो. तसे एकक असते तर त्याचे उत्तर बरोबरही ठरले असते. पण पद्धतीचा नियम उलटा आहे. आधी सेंटी आणि मीटर जोडून सेंटीमीटर तयार होतो, मग त्या सेंटीमीटरचा चौरस होतो. कंस कुठे पडतो, एवढाच प्रश्न आहे. जिना या कंसाबद्दल काहीच सांगत नाही, कारण जिन्यावर फक्त उपसर्ग आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, सातवीच्या जुन्या गणित पुस्तकात परिमिती व क्षेत्रफळाच्या प्रकरणात हा मुद्दा घेतलेला होता. १ सेंटीमीटर बाजूच्या चौरसात १ मिलिमीटर बाजूचे १०० चौरस, आणि १०० मीटर बाजूचा चौरस म्हणजे हेक्टर, अशी मांडणी तिथे होती. पुस्तकाने आपले काम केले, हे मान्य केले पाहिजे. पण या १०० मीटरलाच जिन्यावर हेक्टोमीटर म्हणतात, हा दुवा वर्गात जोडला जातोच असे नाही. मग मुलाच्या वहीत दोन वेगळी पाठांतरे तयार होतात: एका पानावर जिना, दुसऱ्या पानावर ‘१ हेक्टर = १०,००० चौमी’.

मोठ्यांच्या बोलण्यातही हा गोंधळ आहे. गाझियाबादमध्ये प्लॉट ‘शंभर गजाचा’ असतो, मुंबई-पुण्यात फ्लॅट ‘सहाशे फुटांचा’. गज आणि फूट ही लांबीची मापे, पण बोलताना ‘चौरस’ हा शब्द गळून गेला आहे. १ गज म्हणजे ०.९१४४ मीटर. त्यामुळे १०० चौरस गज म्हणजे ९१.४४ चौरस मीटर असे कुणी सांगितले तर ते खरेही वाटते. पण गुणक दोनदा लावावा लागतो: ०.९१४४ × ०.९१४४ = ०.८३६१. प्लॉट ८३.६१ चौरस मीटरचा आहे. जवळजवळ ८ चौरस मीटर, म्हणजे एका लहान खोलीएवढी जागा, ‘चौरस’ हा शब्द वगळल्यामुळे हिशेबात जास्तीची आली.

४. ओसाड पायऱ्या

मुलांचा एक प्रश्न शिक्षकांना नेहमी अडचणीत टाकतो: डेकामीटर, हेक्टोमीटर, डेसिमीटर कुणी वापरतच नाही, मग शिकायचे कशाला? ‘क्रम पूर्ण व्हावा म्हणून’ असे उत्तर बहुधा मिळते. म्हणजे सात पायऱ्यांपैकी तीन ओसाड आहेत हे शिक्षकही मान्य करतात. प्रत्यक्षात त्या ओसाड नाहीत. तिथे राहणारी एकके आपल्या ओळखीची आहेत, पण त्यांचा पत्ता आपण विसरलो आहोत.

मेट्रिक पद्धतीचा फ्रान्समधला ७ एप्रिल १७९५ चा मूळ कायदा पाहिला तर हा पत्ता सापडतो. त्यात आर या एककाची व्याख्या १० मीटर बाजूचा चौरस अशी आहे, आणि लिटरची व्याख्या मीटरच्या दहाव्या भागाएवढी बाजू असलेला घन अशी आहे. ग्रॅम तर सेंटीमीटर बाजूच्या घनात मावणाऱ्या पाण्याच्या वजनावरून ठरवलेला होता. म्हणजे जमिनीचे, धारकतेचे आणि वजनाचे अशी सगळी मापे लांबीच्या जिन्यावरूनच निघाली होती.

आता प्रत्येक पायरीवर तेवढ्या बाजूचा एक चौरस आणि एक घन उभा करू.

| बाजू | त्या बाजूचा चौरस | त्या बाजूचा घन |
|---|---|---|
| मिलिमीटर | १ चौमिमी | १ मायक्रोलिटर |
| सेंटीमीटर | १ चौसेमी | १ मिलिलिटर |
| डेसिमीटर (१० सेमी) | १०० चौसेमी | १ लिटर |
| मीटर | १ चौमी | १,००० लिटर |
| डेकामीटर (१० मी) | १ आर | १० लाख लिटर |
| हेक्टोमीटर (१०० मी) | १ हेक्टर | १० लाख घनमीटर |
| किलोमीटर | १०० हेक्टर | १०० कोटी घनमीटर |

तक्ता सावकाश वाचा. डेसिमीटरचा घन म्हणजे दुधाच्या दोन अर्ध्या लिटरच्या पिशव्या. डेकामीटरचा चौरस म्हणजे सातबाऱ्यावरचा आर. डेकामीटरचा घन म्हणजे दशलक्ष लिटर, आणि शहराचा पाणीपुरवठा ‘एमएलडी’मध्ये, म्हणजे रोज इतके दशलक्ष लिटर, असाच मोजतात. हेक्टोमीटरचा चौरस म्हणजे हेक्टर. हेक्टोमीटरचा घन म्हणजे दशलक्ष घनमीटर, पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्रांत धरणसाठ्याच्या बातमीत छापून येणारा ‘दलघमी’. कोयना धरणाची पूर्ण साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी, म्हणून कोयनेत सुमारे २,९७० दलघमी पाणी मावते. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद, १०० मीटर उंच अशा जवळपास तीन हजार हौदांचे पाणी. ‘दलघमी’ या अक्षरांनी जे चित्र उभे राहत नाही, ते हेक्टोमीटर या शब्दाने उभे राहते.

जिन्यावर दशांश चिन्ह किती घरे सरकते हेही आता कळते. लांबी एका पायरीला एक घर सरकते, क्षेत्रफळ दोन घरे, घनफळ तीन घरे. पायऱ्या त्याच सात.

५. सातबारा हे तयार शैक्षणिक साधन

महाराष्ट्रातल्या ग्रामीण मुलाच्या घरात क्षेत्रफळाचा जिना आधीच टांगलेला असतो. सातबाऱ्यावर क्षेत्र ‘हेक्टर, आर, चौरस मीटर’ अशा तीन रकान्यांत लिहितात. १.०५.०० म्हणजे १ हेक्टर ५ आर. हे लेखन रुपये-पैशांसारखे आहे: शंभर चौरस मीटरांचा एक आर, शंभर आरांचा एक हेक्टर, आणि म्हणून प्रत्येक रकान्याला दोन अंक.

या पाच आरांमागचे शून्य हलके घेऊ नये. तोंडी सांगताना १.०५ चे १.५ झाले तर १ हेक्टर ५ आर जमीन १ हेक्टर ५० आर होते. फरक ४५ आरांचा, म्हणजे एका एकराहून अधिक. लांबीच्या सवयीने ‘एक पायरी, एक घर’ मानणाऱ्याला यात खटकण्यासारखे काही दिसणार नाही. ‘एक पायरी, दोन घरे’ शिकलेल्याला लगेच खटकेल, कारण आरांच्या रकान्यात एकच अंक कसा, असे तो विचारील.

गुंठा आणि आर यांचेही तसेच आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की व्यवहारात ‘गुंठा म्हणजेच आर’ असे सर्रास धरतात. एका गुंठ्याला हा फरक १ चौरस मीटरच्या आसपास आहे. पण ४० गुंठ्यांच्या एकराला तो सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फूट होतो. वाटणीच्या वेळी एवढ्या जागेवरून भाऊबंदकी होऊ शकते. शाळेतल्या उदाहरणसंग्रहात ‘३.७ हेक्टोमीटरचे डेसिमीटर करा’ अशी गणिते असतात. त्यांच्या जागी सातबाऱ्याची एक ओळ घेतली तर तेच कौशल्य शिकवले जाईल, आणि मूल घरी जाऊन तो उतारा वाचून दाखवील.

६. ‘प्रति’ असलेली एकके

जिन्याची दुसरी मर्यादा संयुक्त एककांत दिसते. जिन्यावर एका वेळी एकच एकक चढते-उतरते. पण व्यवहारातली पुष्कळ मापे ‘अमुक प्रति तमुक’ अशी असतात आणि त्यांतले खालचे एकक उलट वागते.

गाझियाबादच्या हवेचेच उदाहरण घ्या. देशातल्या अतिप्रदूषित शहरांच्या यादीत या शहराचे नाव वारंवार येते. त्या बातमीतला आकडा ‘मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर’मध्ये असतो. पीएम २.५ साठी भारतातले २४ तासांचे मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि वार्षिक मानक ४०. नावातला २.५ हा आकडा कणांच्या व्यासाचा, मायक्रोमीटरमधला आहे. शाळेचा जिना मिलीला संपतो. मायक्रो ही त्याखाली आणखी तीन पायऱ्या सोडून येणारी पायरी आहे, आणि मध्ये नावे नाहीत. म्हणजे ज्या एककावर आमच्या शहरातल्या मुलांची शाळा चालू राहणार की सुट्टी मिळणार हे ठरते, ते एकक जिन्यावर नाहीच.

आता ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरचे मायक्रोग्रॅम प्रति लिटर करू. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. लिटर लहान एकक, म्हणून आकडा मोठा होईल, असे जिन्याच्या सवयीने वाटते. पण लिटर छेदात आहे. एक हजार लिटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, तर एका लिटरमध्ये ०.०६. आकडा लहान झाला. माणूस दिवसाला सुमारे १० घनमीटर हवा श्वासात घेतो असे धरले, तर मानकाच्या मर्यादेतल्या हवेतूनही ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिग्रॅम कण रोज आत ओढले जातात. बातमीतल्या आकड्याचा अर्थ कळायचा तर अंश आणि छेद दोन्ही हाताळता आले पाहिजेत.

तापावरच्या पातळ औषधाचेही असेच. एका बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे असते, दुसरीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. दोन्हींत ‘मिली’ आहे, म्हणून मिलिग्रॅम आणि मिलिलिटर एकच समजण्याचा मोह होतो. पहिल्या बाटलीत दर मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम औषध आहे, दुसऱ्या बाटलीत ५०. डॉक्टरांनी १२५ मिलिग्रॅम सांगितले असेल तर पहिल्यातून ५ मिलिलिटर द्यायचे, दुसऱ्यातून २.५. जिन्यावर ‘मिली’ ही एकच पायरी असल्याने हा भेद तिथे दिसत नाही. ‘मिली’ कशाचे, हे विचारण्याची सवय मात्र लावता येते.

७. पदवीच्या वर्गातली चूक

एकक-रूपांतराच्या व्याख्यानात १९९९ सालच्या मंगळयानाची, म्हणजे नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट हमखास सांगतात. एका गटाने पाउंडावर आधारित एकक वापरले, दुसऱ्याने न्यूटनवर आधारित, आणि यान गेले. गोष्ट खरी आहे, पण आपल्या विद्यार्थ्यांच्या चुकीशी तिचा संबंध थोडा आहे. तिथे दोन वेगळ्या पद्धतींची गल्लत झाली होती. आमच्या उत्तरपत्रिकांतली चूक मेट्रिकच्या आतच होते.

१०० मिलिमीटर रुंद आणि २०० मिलिमीटर खोल अशी आयताकृती तुळई घ्या. तिच्या छेदाचा जडत्व आघूर्ण रुंदी × खोलीचा घन ÷ १२, म्हणजे सुमारे ६ कोटी ६७ लाख मिमी^४ येतो. याचे मी^४ करायचे तर १,००० ने चार वेळा भागायला हवे, कारण एककाचा घात चार आहे. उत्तर ०.००००६६७ मी^४. पण सवयीने एकदाच १,००० ने भागणारा विद्यार्थी ६६,६६७ मी^४ असे लिहितो. हा आकडा खऱ्याच्या एक अब्जपट आहे. तुळईचा बाक या राशीच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून त्याच्या हिशेबात तुळई वाकतच नाही. आणि त्याला उत्तर पाहून आश्चर्यही वाटत नाही. मला काळजी वाटते ती याचीच. २० सेंटीमीटर खोल तुळईसाठी मीटरमध्ये मोजलेला हा आकडा एकाहून खूपच लहान असणार, हे त्याला जाणवायला हवे होते. पण सातवीपासून त्याने शून्येच हलवली आहेत, वस्तू डोळ्यांसमोर आणलेली नाही.

याउलट धागा पकडलेल्या विद्यार्थ्याला घनता सोपी जाते. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घसेमी. तीच ७.८५ किलोग्रॅम प्रति लिटर, आणि तीच ७.८५ टन प्रति घनमीटर. वस्तुमानही हजार पटीने वाढले आणि घनफळही, म्हणून आकडा तसाच राहिला. दशांश चिन्ह कुठेही सरकवावे लागले नाही.

८. दोन आक्षेप

पहिला आक्षेप शिक्षकांचा आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला इतके सगळे झेपत नाही, तासिका मोजक्या असतात, आणि परीक्षेत विचारतात तेवढे जिन्याने सुटते. यात तथ्य आहे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात नियम पटकन हाती देणे ही शिक्षकाची गरज असते. म्हणूनच मी जिना पुसून टाका असे म्हणत नाही. लांबीचा जिना शिकवून झाल्यावर त्याच्या प्रत्येक पायरीशेजारी एक चौरस आणि एक घन काढायला अर्धी तासिका पुरते. नंतर क्षेत्रफळ आणि घनफळाची वेगळी पाठांतरे करावी लागत नाहीत, त्यात ती भरून निघते.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा. उद्योगात हजाराच्या पटीतलेच उपसर्ग चालतात: मिली, किलो, मेगा. मग डेसी, डेका, हेक्टो शिकवूच नका. लांबीपुरते हे ठीक आहे. पण फक्त हजाराच्या उड्या ठेवल्या तर क्षेत्रफळ एका उडीला दहा लाखांनी वाढते आणि घनफळ शंभर कोटींनी. चौरस मीटर आणि चौरस किलोमीटर यांच्यामध्ये दहा लाखांची दरी आहे. शेत त्या दरीत कुठेतरी असते. घन मिलिमीटर आणि घनमीटर यांच्यामध्ये शंभर कोटींची दरी आहे आणि तांब्याभर पाणी त्या दरीत असते. आर, हेक्टर, लिटर ही एकके टिकली ती याच कारणाने. लिटरच्या बाबतीत तर एक वळणही येऊन गेले. १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने लिटरची व्याख्या बदलून १ किलोग्रॅम पाण्याचे घनफळ अशी केली, आणि तो घन डेसिमीटरपेक्षा किंचित मोठा निघाला. १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द होऊन लिटर पुन्हा नेमका १ घन डेसिमीटर झाला. किलोग्रॅम आता पाण्यावर किंवा धातूच्या गोळ्यावर अवलंबून नाही. २० मे २०१९ पासून त्याची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होते. भारताचा क्रमांक ५७ चा किलोग्रॅम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जपलेला आहे. व्याख्या सूक्ष्म झाल्या, तरी लिटरभर पाणी सुमारे किलोभर भरते, हा वर्गात उपयोगी पडणारा संबंध तसाच आहे.

९. मग कसे शिकवावे

माझ्या मते चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, आधी अंदाज. ‘एकक लहान, आकडा मोठा’ हे वाक्य रूपांतराआधी म्हणायचे. उत्तर वाढणार की घटणार हे ठरवूनच पेन्सिल हातात घ्यायची. एकक छेदात असेल तर वाक्य उलटे करायचे.

दुसरी, मैदानावरचा आर. चुना घेऊन शाळेच्या मैदानावर १० मीटर बाजूचा चौरस आखायचा आणि वर्गाला त्यात उभे करायचे. शहरी मुलांनाही तेव्हा आर कळतो. पुठ्ठ्याचा १० सेंटीमीटर बाजूचा डबा करून, त्यात प्लास्टिकची पिशवी बसवून लिटरभर पाणी ओतायचे. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला तर बरोबर १ लिटर पाणी होते, हे याच डब्याने दाखवता येते. तोच पाऊस एका आरावर १०० लिटर, एका हेक्टरवर १०,००० लिटर.

तिसरी, एकाने गुणणे. आठवीपासून रूपांतर अपूर्णांकाच्या रूपात लिहायची सवय लावावी. ‘१०० सेमी भागिले १ मी’ याची किंमत एक आहे, म्हणून त्याने गुणल्यास राशी बदलत नाही, फक्त एकक बदलते. चौरस असेल तर हा अपूर्णांक दोनदा लिहायचा, घन असेल तर तीनदा. नको असलेले एकक वर-खाली कटले नाही तर आपण उलटा अपूर्णांक घेतला आहे, हे कागदावरच दिसते. जिन्यात चूक लपते, इथे ती उघडी पडते. पदवीच्या विद्यार्थ्यांनी तर हीच पद्धत वापरावी.

चौथी, परीक्षेतला प्रश्न बदलणे. ‘रूपांतर करा’ या प्रश्नाबरोबर ‘हे उत्तर शक्य आहे का, कारण द्या’ असा एक प्रश्न हवा. ६०० चौरस सेंटीमीटरचा फ्लॅट किंवा ५ लिटर धारकतेचे धरण नाकारायला मुलाला आकडेमोड लागू नये.

१०. स्वतः करून पाहा

(अ) सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८०.९४ आहे. ते चौरस मीटरमध्ये लिहा आणि ते साधारण किती एकर आहे ते सांगा.
(आ) ५० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस पडला. किती लिटर पाणी जमेल?
(इ) १ न्यूटन प्रति चौमिमी म्हणजे किती न्यूटन प्रति चौमी? छेदातील एककामुळे आकडा वाढला की घटला, आणि का?
(ई) एका शहराला रोज ३०० दशलक्ष लिटर पाणी लागते. १ दलघमी पाणी त्या शहराला किती दिवस पुरेल?

उत्तरे: (अ) ८,०९४ चौमी, सुमारे २ एकर. (आ) १,००० लिटर. (इ) १० लाख. आकडा वाढला, कारण तेवढाच दाब मोठ्या क्षेत्रावर असेल तर एकूण बल अधिक असते. (ई) १ दलघमी म्हणजे १,००० दशलक्ष लिटर, म्हणून तीन दिवसांहून थोडे अधिक.